सीटीच्या त्रिमितीय चित्रात बारीक तपशील नेमका कुठे हरवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोक्याच्या सीटी स्कॅनसाठी स्वतः व्हॉल्यूम रेंडरर, म्हणजे स्कॅनच्या आकड्यांतून थेट त्रिमितीय चित्र काढणारा प्रोग्राम, लिहिला आहे. त्यात डोळ्याच्या खोबणीच्या तळाला भोकं पडल्यासारखी दिसतात, बारीक रक्तवाहिन्या तुटक येतात आणि कवटीवर समांतर वलयं उमटतात. प्रकाशयोजना बदलून झाली, फोर-के पडद्यावर काढून पाहिलं, तरी फरक नाही. आता कोणता शेडर, म्हणजे रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम, वापरावा?

शेडरला इतक्यात हात लावू नका. तक्रारी तीन आहेत, त्यांची कारणंही तीन निरनिराळी आहेत आणि एकाचाही प्रकाशाशी फारसा संबंध नाही. व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये प्रकाश सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी स्कॅनरमधली पुनर्रचना, फाइल वाचणं, डेटा जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) चढवणं, दोन व्हॉक्सेलांमधली (डेटाच्या बारीक ठोकळ्यांमधली) किंमत काढणं, ट्रान्सफर फंक्शन (कुठल्या आकड्याला कोणता रंग आणि किती अपारदर्शकता ते ठरवणारा नियम), किरणाची पावलं (नजरेचा किरण डेटामधून जाताना ज्या अंतरांनी किंमत वाचतो ती) एवढे टप्पे होऊन जातात. बारीक तपशील त्यांतल्या कुठल्याही टप्प्यावर गळतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा आधी आडात डोकावू.

खोबणीचा तळ म्हणजे वर चरबी, खाली गालाच्या सायनसमधली हवा आणि मध्ये हाडाचा पापुद्रा. हा पापुद्रा काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, हिशोबासाठी ०.२ मिमी धरू. सीटीचे आकडे हाउन्सफील्ड एककात, म्हणजे एचयूमध्ये असतात. हवा उणे १०००, पाणी ०, चरबी साधारण उणे १००, टणक हाड १००० किंवा त्याच्याही वर. व्हॉक्सेलची उंची ०.५ मिमी आहे आणि पापुद्रा त्याच्या बरोबर मधोमध आहे असं समजा. मग त्या व्हॉक्सेलमध्ये ०.२ मिमी हाड, ०.१५ मिमी चरबी आणि ०.१५ मिमी हवा. सरासरी येते ७० एचयू. जागा हाडाची, आकडा स्नायूचा. तुमचं ट्रान्सफर फंक्शन २५०च्या वर हाड धरत असेल तर तिथे भोक पडणारच.

हाच हिशोब १.२५ मिमीच्या स्लाइसवर करून बघा. खोबणीचा तळ जवळपास आडवा, म्हणजे स्लाइसना समांतर असतो, त्यामुळे स्लाइसची जाडी तिथे सगळ्यात जास्त नडते. ०.२ मिमी हाड, उरलेल्या १.०५ मिमीत निम्मी चरबी, निम्मी हवा. उत्तर उणे ३०२. त्याच्या वरचा व्हॉक्सेल उणे १००, खालचा उणे १०००. आकडे वरून खाली नुसते उतरत जातात; मध्ये हाड होतं याची खूणसुद्धा उरत नाही. ०.५ मिमीच्या बाबतीत मात्र उणे १००, मग ७०, मग उणे १००० अशी रांग होती. लहानसा का होईना, उंचवटा शिल्लक होता. स्कॅनरचा स्वतःचा धूसरपणा धरला तर प्रत्यक्षात दोन्हीकडे परिस्थिती याहून वाईट असते, पण मुद्दा तोच राहतो. उंचवटा असेल तर रेंडररमध्ये काहीतरी करता येतं. नुसता उतार असेल आणि तरीही तुमचा रेंडरर तिथे अखंड हाड दाखवत असेल, तर तो ते हाड पदरचं घालतो आहे.

म्हणून पहिलं काम: त्रिमितीय चित्र बंद करा, कोरोनल (चेहऱ्याला समांतर उभा) छेद उघडा, कर्सर तळावरून वरून खाली न्या आणि आकडे वाचा. यात पाच मिनिटं जातात आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात. आणखी एक, खरं फ्रॅक्चर आणि हे खोटं भोक त्रिमितीय चित्रात सारखीच दिसतात. रेडिओलॉजिस्ट या हाडाचा निर्णय कोरोनल छेदावर करतात तो याचसाठी.

आकडे उतरतेच निघाले तर दुसरी सीरिज, म्हणजे त्याच स्कॅनच्या स्लाइसचा दुसरा संच, मागवा. तपासणीसोबत जी सीडी किंवा फोल्डर मिळतो त्यात बहुधा वाचनासाठीच्या ३ ते ५ मिमी जाडीच्या स्लाइस असतात. त्याच स्कॅनच्या ०.५ किंवा ०.६२५ मिमीच्या पातळ स्लाइस वेगळ्या साठवलेल्या असू शकतात. नसतील तर मशीनवरच्या कच्च्या डेटामधून पुन्हा काढता येतात, पण तो डेटा मशीनवर थोडाच काळ राहतो, म्हणून विचारायचं असेल तर लवकर विचारा. मागताना एकावर एक चढलेल्या स्लाइस मागा, उदाहरणार्थ ०.६ मिमी जाडी आणि ०.३ मिमी अंतर. दृश्यक्षेत्रही लहान मागा. जाळी बहुतेक वेळा ५१२ × ५१२ ची असते. ती २५० मिमीवर पसरली तर पिक्सेल ०.४९ मिमीचा, १८० मिमीवर पसरली तर ०.३५ मिमीचा. कानाच्या आतल्या हाडांसाठी तर एका बाजूचंच लहान क्षेत्र घेतात. २०२१ पासून वापरात आलेल्या फोटॉन-काउंटिंग स्कॅनरवर ०.२ मिमीपर्यंतच्या स्लाइस मिळतात. तसा डेटा हाती आला तर यातल्या निम्म्या अडचणी आपोआप मिटतात.

इथे कर्नल हा शब्द भेटेल. पुनर्रचनेच्या वेळी वापरलेला गाळणीचा प्रकार असा त्याचा अर्थ. हाडासाठीचा तीक्ष्ण कर्नल कडा उठावदार करतो, पण नॉइजही (आकड्यांतली दाणेदार गडबडही) वाढवतो आणि दाट कडेच्या दोन्ही अंगांना आकडे ओढून-ताणून ठेवतो: हाडाची कड खऱ्याहून जास्त, तिच्या शेजारची पट्टी खऱ्याहून कमी. त्या पट्टीला रेंडरर भलताच रंग देतो. मऊ कर्नलमध्ये हा त्रास नाही, पण पापुद्रा पुसट होतो. माझा शिरस्ता असा: हाड आणि कान यांसाठी तीक्ष्ण, रक्तवाहिन्यांसाठी मऊ किंवा मध्यम, आणि शक्य असेल तर दोन्ही सीरिज हाताशी. स्लाइस निम्मी पातळ केली की नॉइज सुमारे १.४ पट होतो. ही किंमत मोजूनही पातळच घ्या. नॉइज नंतर कमी करता येतो, एकमेकांत मिसळलेली हवा आणि हाड नंतर वेगळी काढता येत नाहीत.

फाइल वाचण्याचा टप्पा कंटाळवाणा आहे, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन स्लाइसमधलं अंतर डायकॉममधल्या (वैद्यकीय चित्रांच्या फाइलमधल्या) स्लाइस थिकनेसवरून घेऊ नका; लागोपाठच्या स्लाइसच्या इमेज पोझिशनमधला फरक काढा. जाडी १ मिमी आणि अंतर ०.७ मिमी असेल तर चुकीच्या वाचनाने डोकं उभ्यात ४३ टक्के लांबतं. एवढी गफलत नजरेला कळते, लहान गफलत कळत नाही. आणि रिस्केल स्लोप, इंटरसेप्ट (फाइलमधले आकडे एचयूत बदलणाऱ्या दोन किमती) लावायला विसरू नका.

मग जीपीयू. ५१२ × ५१२ × १००० चा डेटा १६ बिटमध्ये साधारण ५०० एमबी होतो. तो सांभाळायला नको म्हणून पुष्कळ लायब्ररी त्याचं ८ बिटमध्ये रूपांतर करतात. ४०९६ पातळ्या २५६ वर आल्या की एकेक पायरी १६ एचयूची होते. ७० एचयूचा पापुद्रा आणि ५० एचयूचा स्नायू यांच्यात मग एकदोनच पायऱ्या उरतात. ब्राउझरमध्ये चालणारे काही रेंडरर याहून पुढे जाऊन तिन्ही दिशांनी रेझोल्यूशन निम्मं करतात आणि तसं सांगतही नाहीत. आठातला एकच व्हॉक्सेल उरतो. टेक्स्चरचा, म्हणजे जीपीयूवर चढलेल्या डेटाचा, खरा आकार छापून बघा. १६ बिट ठेवा आणि मेमरी पुरत नसेल तर हवेचे ठोकळे वगळून उरलेलं चढवा. सगळ्या डेटाची प्रत घटवण्यापेक्षा रिकामी जागा टाकून देणं केव्हाही परवडतं.

आता तुटक रक्तवाहिन्या. एकच व्हॉक्सेल रुंद, तिरकी जाणारी वाहिनी घ्या. कॉन्ट्रास्ट भरलेला व्हॉक्सेल ३०० एचयू, आजूबाजूचा ऊतक ४०. जीपीयूचं ट्रायलिनियर इंटरपोलेशन (शेजारच्या व्हॉक्सेलांची अंतरानुसार सरासरी) व्हॉक्सेलच्या केंद्रावर ३०० देतं. पण वाहिनी एका व्हॉक्सेलवरून तिरकी पुढच्या व्हॉक्सेलवर जाते तिथे मध्यावर चार शेजारी असतात, दोन ३०० चे, दोन ४० चे, आणि सरासरी १७०. दर व्हॉक्सेलला किंमत ३०० वरून १७० वर येते आणि पुन्हा चढते. उंबरठा २५० चा असेल तर वाहिनी प्रत्येक सांध्यावर तुटणार. डेटामध्ये ती अखंड आहे, तोडली आहे इंटरपोलेशन आणि उंबरठा यांनी मिळून.

यावर लोक क्युबिक बी-स्प्लाइन, म्हणजे जास्त शेजारी धरून गुळगुळीत वक्र काढणारं इंटरपोलेशन, लावतात. आठ ट्रायलिनियर वाचनांत होतं, त्यामुळे जलद आहे. सिग आणि हाडविगर यांनी ही युक्ती २००५ मध्ये मांडली. पण त्यात एक खाच आहे. बी-स्प्लाइन मूळ किमतींमधून जात नाही. केंद्रावर तिचे भार एक षष्ठांश, चार षष्ठांश, एक षष्ठांश असे असतात. एक व्हॉक्सेल जाडीच्या पडद्यावर ३०० चं शिखर त्यामुळे सुमारे २१३ वर येतं, आणि अक्षाला समांतर सरळ जाणाऱ्या बारीक वाहिनीवर, जिथे दोन दिशांनी गाळलं जातं, सुमारे १५६ वर. चित्र गुळगुळीत होतं, वाहिनी नाहीशी होते, आणि बघणाऱ्याला वाटतं की गुणवत्ता वाढली! डेटा आधी बी-स्प्लाइनच्या प्रीफिल्टरमधून काढा, म्हणजे शिखरं जागेवर राहतात. ते नको असेल तर कॅटमल-रोम हे मूळ किमतींमधून जाणारं इंटरपोलेशन वापरा. दोन्हीत तीव्र कडांपाशी किंमत थोडी अतिरेकी होते. मऊ कर्नलच्या डेटावर ते खपतं, तीक्ष्ण कर्नलवर आधीचा अतिरेक आणि हा असे दोन्ही मिळून डोळ्यांवर येतात.

फोर-केने फरक का पडला नाही, तेही यातून कळेल. २१६० ओळींच्या पडद्यावर ५१२ चा डेटा पूर्ण उंचीभर काढला की एका व्हॉक्सेलला चार पिक्सेल येतात. पिक्सेल वाढले, माहिती तेवढीच राहिली, उलट ट्रायलिनियरचे चपटे पैलू आता नीट दिसू लागले. मोठ्या पडद्यावर क्युबिकची गरज वाढते, घटत नाही.

ट्रान्सफर फंक्शनकडे येऊ. पातळ गोष्टी दिसत नाहीत याचं एक कारण निव्वळ गणितातलं आहे आणि ते हमखास नजरेतून सुटतं. दर व्हॉक्सेलला ओपॅसिटी (अपारदर्शकता) ०.१ ठेवली तर वीस व्हॉक्सेल जाड हाड ८८ टक्के झाकतं, पण एक व्हॉक्सेलचा पापुद्रा १० टक्केच. आकडा हाडाचा असला तरी पापुद्रा काचेसारखा पारदर्शक! म्हणून पातळ रचना दाखवायच्या असतील तर ओपॅसिटी ०.५ च्या पुढे न्यावी लागते, आणि मग तिच्या मागचं झाकलं जातं. उपाय म्हणजे कापणीचं प्रतल किंवा जाड स्लॅब, जेणेकरून बघायची रचनाच सगळ्यात पुढे येईल. एकाच चित्रात कवटीही आणि मागच्या वाहिन्याही अशी हाव धरली की दोन्ही बिघडतात.

खोबणीच्या ७० एचयूच्या उंचवट्यासाठी सरसकट उंबरठा कधीच पुरणार नाही. ७० वर आणला तर सगळे स्नायू हाडाच्या रंगात येतील. १९८७ च्या मार्चिंग क्यूब्जपासून एका किमतीचा पृष्ठभाग काढायची जी पद्धत रूढ झाली तिची मर्यादा इथेच आहे, आणि थ्रीडी प्रिंटसाठी जाळी काढणाऱ्यांना ती फार छळते. त्याऐवजी स्थानिक आकार बघा. दुसऱ्या अवकलजांचं मॅट्रिक्स काढून कुठे पडद्यासारखा उंचवटा आहे, कुठे नळीसारखा, हे ओळखता येतं. नळ्यांसाठी फ्रांजी आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा फिल्टर आजही पहिला हाताशी घेतला जातो. त्याचं उत्तर दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये ठेवा आणि ट्रान्सफर फंक्शनचा दुसरा अक्ष म्हणून वापरा. ७० एचयू अधिक पडदा म्हणजे हाड, ७० एचयू आणि आकार काहीच नाही म्हणजे स्नायू. मात्र नॉइजमध्येही हा फिल्टर पडदे आणि नळ्या शोधून काढतो. त्यामुळे त्याने ओपॅसिटी वाढवावी, पण मूळ डेटात काहीच नसलेल्या ठिकाणी नवीन काही काढू नये, एवढी मर्यादा कोडमध्येच घालून ठेवा.

दुसरा अक्ष म्हणून ग्रेडियंटची, म्हणजे शेजारी किंमत किती वेगाने बदलते त्याची, तीव्रता घ्यायची चाल जुनी आहे, लेव्हॉयच्या १९८८ च्या कामापासूनची. जाड हाडाच्या पृष्ठभागासाठी ती उत्तम. पातळ रचनांसाठी घातक. शेजारचे आकडे ४०, ३००, ४० असे घ्या. मधल्या व्हॉक्सेलवर दोन्ही बाजूंचा फरक शून्य, म्हणजे ग्रेडियंट शून्य, म्हणजे ओपॅसिटी शून्य. भिंत बरोबर मध्यातून गायब होते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन फिकट सावल्या राहतात. तुमच्या कोडमध्ये ओपॅसिटीला ग्रेडियंटने गुणणारी ओळ असेल तर ती आधी काढून बघा.

हाच शून्य प्रकाशालाही भोवतो. शून्य लांबीच्या ग्रेडियंटला एकक लांबीचा केला की जो नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ती दिशा) मिळतो तो शुद्ध नॉइज असतो, आणि पातळ भिंतीवर काळे ठिपके उमटतात. ग्रेडियंट आधी काढून ८ बिटच्या टेक्स्चरमध्ये ठेवला असेल तर आणखीच. तो शेडरमध्येच काढा, एका व्हॉक्सेलऐवजी अर्ध्या व्हॉक्सेलच्या अंतरावर. लांबी ठरावीक मर्यादेखाली गेली तर किरणाला मागच्या पावलावर मिळालेला चांगला नॉर्मल पुढे वापरा. पातळ पडद्यांवर दोन्ही बाजूंनी प्रकाश घ्या, म्हणजे नॉर्मल उलटला तरी ती बाजू काळी पडत नाही. दोन कर्नलच्या सीरिज हाताशी ठेवायला सांगितलं होतं ते इथे कामी येतं: ओपॅसिटी तीक्ष्ण डेटावरून, नॉर्मल मऊ डेटावरून. कडा जागेवर राहतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत दिसत नाही. दुसरी सीरिज नसेल तर मूळ डेटाची प्रत बायलॅटरल किंवा नॉन-लोकल मीन्सने हलकी गाळून फक्त नॉर्मलसाठी वापरा.

वलयांची तक्रार त्यामानाने सोपी आहे. हाडाच्या कडेला शेजारच्या दोन व्हॉक्सेलांत ८०० एचयूचा फरक सहज असतो. ट्रान्सफर फंक्शनचा चढ २० एचयू रुंदीचा असेल तर किरण तो चढ व्हॉक्सेलच्या चाळिसाव्या भागात ओलांडतो. तुमचं पाऊल अर्ध्या व्हॉक्सेलचं. कुठला किरण चढाच्या आधी थांबेल आणि कुठला नंतर, हे पावलांच्या जुळणीवर ठरतं, आणि त्या जुळणीचा नकाशा म्हणजे ही वलयं. पाऊल वीस पट लहान करणं परवडत नाही. चढ रुंद करा; ते चालत नसेल तर एंगेल, क्राउस आणि एर्टल यांची २००१ ची पूर्व-समाकलनाची पद्धत घ्या, ज्यात पावलाच्या दोन्ही टोकांच्या किमतींवरून मधला सगळा रंग तक्त्यातून एकदम मिळतो. प्रत्येक किरणाची सुरुवात थोडी मागे-पुढे केली तर वलयांच्या जागी बारीक रवा येतो आणि तो काही फ्रेमच्या सरासरीत निघून जातो. पाऊल बदललं की ओपॅसिटीही बदला. एका व्हॉक्सेलला ०.१ असेल तर अर्ध्या व्हॉक्सेलला ०.०५ च्या किंचित वर, म्हणजे एकातून ०.९ चं वर्गमूळ वजा. हे सूत्र विसरलेले रेंडरर झूम केल्यावर रंग बदलतात, त्यावरून लगेच ओळखू येतात.

एवढं झाल्यावर प्रकाश. चकाकी कमी ठेवा. ती नॉइजला उठाव देते आणि हाड ओलं दिसतं. जवळच्या जवळची सावली, म्हणजे लहान त्रिज्येची ॲम्बियंट ऑक्लूजन, बारीक भेगा आणि सांधे दाखवायला सगळ्यात उपयोगी, कारण ती नॉर्मलवर अवलंबून नसते. पूर्ण पाथ ट्रेसिंगची (प्रकाशाचा खरा प्रवास मोजून काढलेली) सिनेमॅटिक चित्रं डोळ्यांना सुखावतात आणि खोलीची जाणही चांगली देतात, पण त्यांच्या दाट सावलीत बारीक वाहिनी बुडू शकते. सादरीकरणाला ठीक, शोधाशोधीला मी वापरत नाही.

एमआरआयसाठी यातलं बरंच लागू पडतं, आकडे मात्र नाहीत. तिथे एचयूसारखं पक्कं एकक नसतं, शिवाय एकाच ऊतकाची चमक चित्रभर बदलत जाते. ती आधी एन-फोरसारख्या दुरुस्तीने सारखी करून घ्या.

एआयने रेझोल्यूशन वाढवायचा मोह होईल. उणे १००, उणे ३०२, उणे १००० अशा रांगेत असं मॉडेल आनंदाने हाड भरून देईल, कारण बहुतेक लोकांच्या खोबणीत तिथे हाड असतं. या रुग्णाचं ते मोडलेलं आहे का, एवढंच विचारायचं होतं.

हे सगळं बदलताना खऱ्या रुग्णाच्या डेटावर तपासू नका, कारण खरं उत्तर तुम्हाला माहीत नसतं. कोडमधून एक खोटा व्हॉल्यूम तयार करा: एका बाजूला उणे १००, दुसऱ्या बाजूला उणे १०००, मध्ये १००० एचयूच्या ०.२, ०.३, ०.५ आणि १ मिमी जाडीच्या पट्ट्या, काही सरळ, काही तिरक्या. शेजारी ३०० एचयूच्या बारीक नळ्या. आधी तो दहापट बारीक जाळीवर काढा, मग सरासरीने ०.५ मिमीवर आणा, म्हणजे हवा-हाडाची मिसळ खऱ्यासारखी होते, आणि शेवटी नॉइज घाला. इंटरपोलेशन बदललं, ग्रेडियंट बदलला, पाऊल बदललं की दरवेळी हाच व्हॉल्यूम काढा. एखादी पट्टी आकड्यांत उंचवटा म्हणून आहे आणि चित्रात नाही, तर दोष तुमच्या कोडचा. नुसता नॉइज भरलेल्या कोपऱ्यात पट्टी दिसू लागली, तर फिल्टरचा जोर कमी करा.